आजाऱ्याचा प्याला

तिच्या हाताखाली गाडी शिकलेली माणसं तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत, आणि हे तिला ठाऊक होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शिकणारा गांगरला की तो दाबायचा. इतकी वर्षं शेजारच्या सीटवर बसून दुसऱ्यांच्या चुकांची वाट पाहिल्यामुळे तिचा उजवा पाय कायम तयारीत असे. टीव्हीवर कोणी गाडी सुसाट सोडली तरी सोफ्यापुढची सतरंजी दाबली जाई. नवरा घर सोडून गेला तेव्हा मात्र पाय वेळेवर पडला नाही, असं ती स्वतःच हसत सांगे. त्या हसण्यात काही राम नसे.

त्या रविवारी चर्चमधल्या खुर्चीत बसल्या बसल्या तिचा तो पाय फरशी रेटत होता. शेजारी आई, आईच्या पलीकडे दादा. दादा आदल्या दिवशी आला होता आणि सोमवारी सकाळी आईला घेऊन जायचं म्हणत होता. त्याच्या शहरातल्या एका वृद्धाश्रमात त्याने खोली ठरवून टाकली होती.

"चांगली जागा आहे गं," तो आल्या आल्या म्हणाला होता. "नर्स आहे, बाग आहे. इथे तू दिवसभर बाहेर. शेजारच्या काकू किती दिवस लक्ष ठेवणार? तिला साधं चर्चला नेता येत नाही तुला. दोन ठिकाणांहून तोंड पाडून परत आलात."

"उद्या तिसऱ्या ठिकाणी जातोय. तू पण चल."

"येतो. तिथे नीट पार पडलं तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही पडलं, तर तू बोलायचं नाहीस."

तिने चिडून "ठीक आहे" म्हटलं, आणि रात्रभर त्या दोन शब्दांचा पश्चात्ताप केला.

आईचं विसरणं हळूहळू वाढत गेलं होतं. आधी गॅस, मग गल्ली, मग माणसं. दादाला ती अजून ओळखायची, कारण तो क्वचित यायचा आणि वडिलांसारखा दिसायचा. रोज केस विंचरून देणाऱ्या मुलीला मात्र ती ओळखत नव्हती. ड्रायव्हिंग स्कूलचं पिवळं जाकीट तेवढं तिच्या ओळखीचं होतं, म्हणून मुलगी ते रविवारीही घालायची. "अहो ड्रायव्हरबाई, तुम्ही जेवलात का?" असं ती अगदी आस्थेने विचारायची. मुलगी "हो, जेवले" म्हणायची आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. राग कोणावर काढायचा हे न कळल्यामुळे भांड्यांना पोचे आले होते.

रविवार मात्र आई विसरत नव्हती. रविवारी ती आपली आपण उठायची, हातरुमालाची घडी करायची आणि दाराशी जाऊन उभी राहायची. चर्चला नेलं नाही तर दिवसभर अन्नाला शिवायची नाही. म्हणून या उपनगरात राहायला आल्यापासून चर्च शोधणं हे मुलीच्या मानेवर येऊन बसलेलं काम होतं.

तिला स्वतःला चर्चचं काही पडलेलं नव्हतं. नवरा गेल्यानंतर जुन्या गावातल्या चर्चच्या मंडळीत कुजबुज सुरू झाली होती. प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात तेव्हा, भाकरीचं ताट घेऊन येणारा माणूस तिच्यापुढे येऊन थबकला. ताट द्यावं की नाही, असा क्षणभर विचार त्याच्या तोंडावर दिसला. मग त्याने दिलं. पण तो क्षण तिच्या मनात जाऊन बसला तो बसलाच. त्या दिवसापासून ताट आलं की ती ते पुढच्या माणसाकडे सरकवायची, प्याले आले की तेही सरकवायची. आईने त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

इथलं पहिलं चर्च मोठं होतं. आई गीतं मध्येच सुरू करायची, म्हणून एका हसऱ्या बाईंनी दोघींना मागच्या काचेच्या खोलीत नेऊन बसवलं. ती खोली रडणाऱ्या मुलांसाठी होती. दुसऱ्या चर्चमध्ये प्रकरण हातघाईवर आलं. द्राक्षरसाचे छोटे प्याले फिरत आले, आईने आपला घेतला आणि आणखी एक उचलला. तो हातरुमालाने झाकून ती उठून दाराकडे चालू लागली. एका गृहस्थाने तो तिच्या हातातून ओढून घेतला. रस सांडला, आईच्या स्वेटरवर डाग पडला, आणि ती अशी रडायला लागली की उपासना थांबली. त्यानंतर तिथल्या पाळकांचा, म्हणजे धर्मगुरूंचा, फोन आला. ते फार गोड बोलले, आणि आईसाठी घरीच प्रार्थना करता येईल असं त्यांनी सुचवलं.

हे तिसरं चर्च तिला एका विद्यार्थिनीमुळे सापडलं. ती म्हणजे शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या एक मावशी. गाडी बरी चालवायच्या, पण गोल चौकात शिरल्या की बाहेर पडायचं धैर्य व्हायचं नाही, गोल गोल फिरत राहायच्या. मनातल्या मनात तिने त्यांचं नाव गोलमावशी ठेवलं होतं. एकदा शिकवणी चालू असताना त्यांनी बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानापुढे गाडी थांबवायला लावली. डिकीतून काचेच्या प्याल्यांचा खोका काढला आणि म्हणाल्या, "आमचं चर्च. इथेच भरतं. टेबल लावायचं काम माझ्याकडे असतं. आईंना घेऊन या की!"

"आईचं जरा... कठीण असतं."

"मी चौकात फिरते तेव्हा तुम्ही मला खाली उतरवता का?" गोलमावशी म्हणाल्या.

तर ते चर्च हे असं होतं. भिंतीवर अजून गाद्यांची जाहिरात पुसट दिसत होती, खुर्च्या प्लास्टिकच्या होत्या, आणि तरुण पाळक माइकच्या वायरीत अडखळत होते. आईने पहिलं गीत पाळकांच्या आधीच सुरू केलं. पुढच्या रांगेतल्या पेटीवाल्याने मान वळवून पाहिलं आणि निमूटपणे तिचा सूर धरला. दादाने भुवया उंचावल्या. उपदेश चालू असताना आई मोठ्याने म्हणाली, "लांबलं," आणि दोनचार जण खुदकन हसले. तिचा पाय फरशीवरून थोडा सैल झाला.

तेवढ्यात पाळकांनी प्रभुभोजन जाहीर केलं आणि तिचा पाय पुन्हा फरशी रेटू लागला. गोलमावशींनी टेबलावरचं पांढरं कापड उचललं. भाकरीचं ताट निघालं, मागोमाग प्याल्यांचं. तिने सवयीने दोन्ही आईकडे सरकवली. आईने भाकरीचा तुकडा खाल्ला, एक तुकडा हातात ठेवला. एक प्याला घेतला, दुसरा उचलला. दादाचा हात पुढे झाला.

"दादा, ओढू नकोस," ती दबक्या आवाजात म्हणाली. "सांडेल."

आईने आपला प्याला पिऊन खुर्चीखाली ठेवला. हातातला तुकडा हातरुमालाच्या घडीत ठेवला, रुमाल दुसऱ्या प्याल्यावर टाकला आणि ती उभी राहिली. गुडघे दुमडून रांगेतल्या माणसांनी वाट दिली. ती मधल्या वाटेने दाराकडे निघाली. पाळक बोलता बोलता थांबले. दारातला माणूस आडवा आला.

"आजी, प्याला ठेवा. तो बाहेर न्यायचा नसतो."

आईने प्याला छातीशी धरला. "सरका."

"असं चालत नाही, आजी."

"बघितलंस?" दादा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच तिच्या जिवाला जास्त लागलं. ती उठून आईकडे धावली, पण पोचल्यावर करायचं काय हे तिला सुचेना. ब्रेक कुठला दाबायचा?

टेबलामागून गोलमावशी आल्या. त्यांनी आईच्या हाताला हात लावला नाही. समोर उभं राहून त्यांनी नुसतं विचारलं, "कोणासाठी नेताय?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मुलीनेही नाही.

"आजाऱ्यासाठी," आई म्हणाली. हे काय विचारणं झालं, असा तिचा स्वर होता.

आणि मुलीला एकदम लहानपणचे रविवार आठवले. जुन्या गावच्या पाळकांना बऱ्याच गावांत जावं लागे, म्हणून अंथरुणाला खिळलेल्यांकडे भाकरीचा तुकडा आणि प्याला पोचवायचं काम त्यांनी आईवर सोपवलं होतं. उपासनेनंतर आई हातरुमालाने प्याला झाकून निघायची, आणि मुलगी फाटक उघडायला पुढे पळायची. कसं विसरलो आपण हे? विसरण्याचा आजार तर आईला होता.

"कोण आजारी आहे?" गोलमावशींनी विचारलं.

"माझी मुलगी. घरी असते. पूर्वी यायची माझ्याबरोबर, पण ताट आलं की पुढे सरकवायची. घ्यायची नाही. अंगात कणकण असेल, नाही तर पोरगी असं करायची नाही." मग शेजारच्या पिवळ्या जाकिटाकडे वळून ती म्हणाली, "ड्रायव्हरबाई, गाडी काढा."

मुलीला काही दिसेनासं झालं. दादा मागे येऊन उभा होता, त्याने खाली मान घातली.

दारातला माणूस पाळकांकडे पाहत होता. पाळक माइक सोडून खाली आले. ते तरुण होते, आणि काय करायचं ते त्यांनाही ठाऊक नसावं. "नियम असा..." त्यांनी सुरुवात केली.

"आजाऱ्याकडे नाही न्यायचा, तर कोणाकडे न्यायचा?" गोलमावशी म्हणाल्या.

पाळकांनी क्षणभर डोळे मिटले. मग झाकलेल्या प्याल्यावर हात धरून त्यांनी हळू आवाजात प्रार्थना केली. आईने सगळ्यांत आधी, सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हटलं. दारातला माणूस बाजूला झाला आणि त्यानेच दार उघडून धरलं.

"प्याला परत आणायचा हं, आजी," गोलमावशी मागून म्हणाल्या. "पुढच्या रविवारी. आमच्यातला एक आधीच फुटलाय."

"मला शिकवू नका," आई म्हणाली.

ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या गाडीत आईला ती नेहमी मागे बसवायची, कारण पुढे तो दुसरा ब्रेक होता. आज आई ऐकेना. आजाऱ्याकडे जाताना मी पुढेच बसते, म्हणाली, आणि प्याला दोन्ही हातांत धरून बसली. तिचे जाड तळाचे बूट ब्रेकच्या अगदी जवळ टेकलेले. गोल चौकात डावीकडून एक सायकल आली. आईचा पाय हलला, गाडीला हिसका बसला, हातरुमालावर लालसर ठिपका उमटला.

"आई, पाय मागे घे," दादा मागून ओरडला.

"तू गप्प बस," मुलगी म्हणाली. "ती बरोबर करतेय. सायकलवाला आलाच होता."

घर तळमजल्यावर होतं. स्वयंपाकघराचं दार मागच्या बाजूला उघडायचं. गाडी थांबली तेव्हा तिने दादाचा दंड धरला. "आईजवळ उभा राहा. बेल तिला वाजवू दे. मी आलेच."

"काय करतेयस तू?"

तिला स्वतःला तरी कुठे नीट ठाऊक होतं! ती इमारतीला वळसा घालून पळत गेली. मागच्या दाराचं कुलूप उघडून आत शिरली. बेल वाजली. तिने पिवळं जाकीट काढून पोचे आलेल्या भांड्यांवर टाकलं. पुन्हा बेल वाजली. बाहेरच्या खोलीत येऊन ती दाराशी थबकली. आईने ओळखलं नाही तर? दादाच्या देखत "मुलगी कुठाय?" असं विचारलं तर? मग सोमवारी सकाळी बोलायला तोंड उरणार नव्हतं. दार न उघडावं असंही क्षणभर वाटलं.

तिने कडी काढली.

आई प्याला घेऊन उंबऱ्याबाहेर उभी होती. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. दादा मागे उभा होता. आई पाहतच राहिली, आणि मुलीला वाटलं, गेलं, संपलं.

"किती वेळ लावतेस गं दार उघडायला," आई म्हणाली. "हात भरून आला माझा."

ती आत आली. मुलीला खुर्चीत बसवलं, कपाळाला हात लावून पाहिला. "ताप नाही," ती म्हणाली, "मग घ्यायला काय झालं होतं तुला?"

"माणसांचा राग आला होता, आई."

"माणसांचा ना? मग घे. हे काही त्यांचं नाही."

हातरुमालाच्या घडीतला तुकडा मऊ पडला होता. प्याल्यात घोटभरच रस उरला होता. तिने घेतला आणि आईच्या स्वेटरमध्ये तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली. आई पाठीवर थोपटत राहिली. थोड्या वेळाने तिने दाराकडे पाहिलं. "त्या ड्रायव्हरबाई कुठे गेल्या? उन्हात उभ्या असतील बिचाऱ्या. त्यांनाही आत बोलाव. भल्या आहेत."

"बोलावते, आई."

मग आईने रिकामा प्याला दादाच्या हातात ठेवला. "धुऊन ठेव. परत करायचाय."

दादा तो धुवायला गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. परत आला तेव्हा प्याला लखलखीत पुसलेला होता आणि त्याचे डोळे लाल झाले होते. सकाळी निघायचंय म्हणून दाराशी आईची बॅग भरून ठेवलेली होती. त्याने ती उचलून आतल्या खोलीत नेली आणि प्याला कपाटावर, आईचा हात पोचेल असा ठेवला.

"प्याला मी नाही नेऊन देत," तो बहिणीला म्हणाला. "पुढच्या रविवारी तिलाच देऊ दे."