ओंजळीतला चहा

जपानला जाऊन आल्यापासून आश्रुबा पार थकले होते. प्रवासानं नव्हे, सांगून सांगून. चुडाव्याच्या स्टेशनावर तीस वर्षं रूळ सांभाळून निवृत्त झालेला हा गँगमन, आता जरा पाठ टेकावी म्हणत होता. पण मानवत काय, पालम काय, एस.टी.त बसवून लोक त्यांना सभांना ओढून नेत.

एक जपानी भिक्षू हिंडत हिंडत आला होता आणि त्यांच्या घरी दोन दिवस भाकरी खाऊन गेला होता. त्यानंच तिकीट धाडून चौऱ्याहत्तरच्या चैत्रात त्यांना आपल्या गावच्या सणाला बोलावलं. तिथं बुद्धजयंतीला फुलांचा सण म्हणतात. आश्रुबा सभेत रंगवून सांगत : फुलांनी मढवलेला मांडव, मधे वीतभर बाळ बुद्ध, त्याच्या डोक्यावर पळीनं गोड चहा ओतायचा. मग बांबूच्या कोवळ्या कोंबांचा भात, आणि पुरण भरलेले हिरवे, मऊ उंडे. "आपल्या पुरणपोळीची धाकटी बहीणच म्हणा!" लोक हसत. तो चहा प्यायलाही देतात, एवढं मात्र ते कधी सांगत नसत.

वर्षानं भिक्षूचं हिंदीत पत्र आलं, सोबत यंदाच्या सणाचा फोटो. त्यांच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, फोटो उजेडात धरला. "अवं, ही समदी माणसं ओंजळ धरून काय करायलेत?"

आश्रुबांना लपवायचाही आता कंटाळा आला होता.

"माझ्यामुळं," ते म्हणाले. "एक म्हातारी पळीनं चहा वाढायली व्हती. बाजूला कप व्हते, मला दिसलेच न्हाईत. तिनं पळी उचलली आन मी वाकून ओंजळ धरली."

सगुणाबाईंना पुढचं सांगावं लागलं नाही. लहानपणी पाटलाच्या विहिरीवर दोघंही असंच वाकून पाणी प्यायले होते. वरून कुणीतरी ओतायचं, भांड्याला शिवायचं नाही. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा आश्रुबांनी बजावलं होतं, आता ही ओंजळ कुणापुढं धरायची न्हाई.

"म्हातारीला वाटलं, बुद्धाच्या देशाची रीतच ही. तिनं लय मायेनं ओतला. माझ्यामागं शंभर माणसं, शंभरांनी ओंजळी धरल्या. मला लाज वाटायली, आन ती हात जोडायलीत मला!"

"आन यंदा बी तसंच केलं?"

"दरसाल करणार म्हणून लिवलंय."

सगुणाबाईंनी फोटो खाली ठेवला. "मग खरं लिवा त्यायला. ही विहिरीवरची रीत तिथवर कशाला जावी?"

आश्रुबांनी कागद घेतला. मोडक्या हिंदीत सगळं लिहिलं, विहिरीसकट. शेवटी लिहिलं : पुढच्या सणाला सगळ्यांना कपात चहा द्या. माझं पुन्हा येणं होणार नाही, पण माझ्या नावचा एक कप भरून ठेवा.

त्यांनी वाचून दाखवलं.

"दोन लिवा," सगुणाबाई म्हणाल्या. "मी बी लय ओंजळी धरल्यात."