जामा मशिदीतला शेवटचा तास

बाबांचा घसा बसला तो बसलाच. गावाकडे त्यांनी आयुष्यभर इतिहास शिकवला होता, त्यामुळे सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. निवृत्तीनंतरही आवाज सुटेना, तेव्हा मी त्यांना दिल्लीला आणलं. आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नवरा-बायको नुकतेच नोएडातल्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो होतो. लिफ्ट अजून बसायची होती. बाबा प्रत्येक मजल्यावर थांबत वर यायचे.

तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "गले का कैंसर है. स्वरयंत्र निकालना पड़ेगा."

"मग मी बोलणार कसा?" बाबांनी मराठीतच विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला ते हिंदीत सांगवेना.

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "मला जामा मशीद दाखव. दरवर्षी फळ्यावर काढली, पण डोळ्यांनी पाहिली नाही." मला त्यांचा आवाज हवा होता, कसाही, कितीही फाटका. मी पर्समध्ये छोटा टेपरेकॉर्डर टाकला.

पूर्वेकडच्या पायऱ्या चढताना त्यांनी माझ्या खांद्यावर सगळा भार टाकला. दारात पोचल्यावर त्यांनी मागे वळून लाल किल्ल्याकडे बोट दाखवलं. "बादशहा तिकडून यायचा. ह्याच दारानं."

आत लाल दगडाचं अंगण उन्हानं तापलं होतं. पायांत चपला नव्हत्या, म्हणून आम्ही हौदाजवळच्या ओल्या फरशीवर उभे राहिलो. मी टेप त्यांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली आणि समोर अख्खा वर्ग बसला असावा तसं बोलायला सुरुवात केली.

"मक्का आपल्या पश्चिमेला. म्हणून मुख्य इमारत त्या बाजूला. घुमट बघ, पांढऱ्या संगमरवरात काळ्या रेघा ओढल्यात. मुळात ही टेकडी आहे. तिच्यावर मशीद उभारली, म्हणजे शहरातून कुठूनही दिसावी." खोकला आला. त्यांनी हातानंच मला थांब म्हटलं आणि पुन्हा सुरू केलं. "सत्तावनच्या उठावानंतर इंग्रजांनी ही ताब्यात घेतली. इथे सैनिक राहिले. लोकांना नमाजाला येऊ देत नव्हते. मशीद पाडायचीसुद्धा भाषा झाली होती. पुढे काही वर्षांनी..."

आवाज तिथेच तुटला. ओठ हलत होते, पण नुसती हवा येत होती.

"पुढे काय झालं, बाबा? सांगा ना!" मी जवळजवळ ओरडले. इंग्रजांनी मशीद परत दिली, हे मला ठाऊक होतं. लहानपणी त्यांच्याच वर्गात शिकले होते. पण ते त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. मी त्यांना पाणी पाजलं, पाठ चोळली. त्यांनी तीनदा तोंड उघडलं. तेवढ्यात अजान सुरू झाली आणि मशीद बघायला आलेल्यांना निघायची सूचना झाली. "दोन मिनिटं, प्लीज," मी दारावरच्या माणसाला म्हटलं. त्यानं बाबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बहनजी, इन्हें घर ले जाइए."

घरी येऊन मी टेप लावला. कबुतरांचे पंख, लोकांचा गलबला, माझाच आवाज. त्यांचे शब्द मला कळत होते, कारण मी ते समोर उभं राहून ऐकले होते. यांनी दोनदा ऐकलं आणि विचारलं, "यात बाबा कुठे आहेत?"

ऑपरेशन चांगलं झालं, असं डॉक्टर म्हणाले. गाठ पूर्ण निघाली होती. शुद्धीवर आल्यावर बाबांनी मला हाक मारायचा प्रयत्न केला. श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या भोकातून फुसकन हवा निघाली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, मग माझा हात झिडकारला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

डिस्चार्ज होऊन घरी आल्यावरही ते तसेच पडून राहायचे. लिहायला पाटी दिली, ती त्यांनी पलंगाखाली सरकवली. मी त्यांच्या पाठीकडे बघत बोलत राहायचे, भाजी काय केली, लिफ्टचं काम कुठवर आलं. मध्येच, ते ऐकतच नसतील अशी भीती वाटून थांबायचे, तरी ती पाठ हलायची नाही.