ब्रिजखालचा वास

मंगळवार पेठेत सून म्हणून आले तेव्हा सोड्याच्या बाटलीचं बूच मी दातानं उघडायची. नणंदा हसायच्या आणि ती बावळी, म्हणजे मीच, आणखी एक बाटली मागायची. तिच्या शहाणपणाचं फळ मला म्हातारपणी मिळालं. खालची दाढ गेली, आणि दोन्ही बाजूच्या दातांना कॅप घालून मधे खोटा दात बसवावा लागला. त्याला ब्रिज म्हणतात.

डॉक्टरीणबाईंनी जाडसर दोऱ्याचं पाकीट दिलं आणि तो ब्रिजखालून कसा ओढायचा ते दाखवलं. सोबत आलेल्या सुनेसमोर आ वासून बसायची मला लाज वाटत होती, म्हणून नुसतं 'व्हय, व्हय' करून उठले. शिवाय खोट्या दाताला कीड कशी लागणार? दोरा मात्र छान होता. मी त्यात मोगऱ्याचे गजरे ओवले.

काही महिन्यांनी नात दुपारची गोष्ट भिंतीकडे तोंड करून ऐकू लागली. मग कुशीतच येईना. मला वाटलं, सुनेनं कान भरले.

"पोरीला माझ्यापासनं तोडतीयास व्हय?" मी तिला ऐकवलं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

खोलीत कसला तरी वास येतोय म्हणून मी मोरी धुतली, नवऱ्याचे मोजे अंगणात टाकले.

"मोज्यांनी काय घोडं मारलंय तुझं?" ते म्हणाले.

एकदा शेजारीण चहाला आली होती. तिच्यासमोर मीच नातीला डिवचलं, "आजी आता नको झाली की हिला."

"नको न्हाय झाली," नात म्हणाली. "तुझ्या तोंडाला वास येतोय. आई म्हणाली, आजीला सांगू नको, तिला वाईट वाटंल."

शेजारीण कपात बघत राहिली.

सुनेनंच मला दवाखान्यात नेलं. ब्रिजखाली घास अडकून कुजले होते, हिरडी सुजली होती. सगळं साफ करून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, दोरा संपला होता का?"

"संपला," मी म्हणाले. गजऱ्यांचं बोलले नाही.

परतताना रिक्षात सुनेला चुकलं म्हणावं म्हणून तोंड उघडलं, आणि पदर लावून मिटलं. ते अजून राहिलंच आहे.

आता जेवण झालं की मी आरशासमोर दोरा ओढते. नात येते, "आ कर" म्हणते. मी करते. ती वाकून हुंगते आणि मग उशी माझ्याजवळ ओढते. पलीकडे सून कपड्यांच्या घड्या घालत असते. मी गोष्ट सुरू करते, सुनेकडे न बघता.