बळीरामच्या खाटेवरचा लाल दिवा

बळीराम गेला ते अख्ख्या तळवलीला कळलं, मला शेवटी. त्याचं घर माझ्या घरासमोर, मधे एवढीशी गल्ली... तरी. डिझेल इंजिनांच्या आवाजात माझे कान कधीच गेले, आणि कानातलं मशीन मी सकाळी लावत नाही, चहा तरी शांत पिता येतो. ओट्यावर बसलो होतो. समोर टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या उतरवायला लागले. मला वाटलं साखरपुडा आहे कुणाचा. म्हटलं बघा, शेजारी असून मला सांगितलंसुद्धा नाही. चिडून आत जायला उठलो, तेवढ्यात सुमनवहिनी, त्याची बायको, दारात दिसली. दोघीजणींनी तिला धरलं होतं... मशीन लावायची गरजच पडली नाही. आदल्या संध्याकाळी छातीत दुखतंय म्हणून नेला, सकाळी तसा आणला.

महिना होऊन गेला. पेपरच्या पुरवणीवाले आले, म्हणाले, काका, तुम्हीच त्यांचे सगळ्यात जुने दोस्त, तुम्ही लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. येईल तसं लिहितो. आणि पहिलं हेच लिहितो की मी बळीरामवर जळायचो. अजून जळतो. त्याच्या दहाव्याला मंडप कमी पडला. माझ्या बायकोच्या, हिराच्या दहाव्याला निम्मी माणसंसुद्धा नव्हती.

सरकारनं जमिनी घेतल्यावर आम्ही दोघांनी पाना-पक्कड धरली. मी इंजिनवाला, तो वायरमन. बेलापूरच्या जेटीला लोकांच्या हौशीच्या बोटी लागतात, पांढऱ्या, आत झोपायला केबिन, छोटं स्वयंपाकघर. त्यांची कामं आम्ही जोडीनं करायचो. त्यातल्या एका बोटीला तर भूतच लागलं होतं. सुकाणूसमोर बटणांची रांग, प्रत्येक बटणाखाली एक लाल दिवा. भोंगा दाबला की पंपाचा दिवा लागायचा. पंप लावला की सगळेच दिवे म्हातारे व्हायचे. मालक कावलेला. मी म्हटलं, पॅनलच नवीन टाका, कटकट नको. बळीराम माझ्याकडे बघून हसला. दिव्यांना त्यानं हातसुद्धा लावला नाही. 'करंट गेला कुठून ते दिसतंय,' म्हणाला, 'परत कुठून येतो ते आधी बघू.' मला खाली बोटीच्या तळात घातलं, बॅटरीपाशी, गुडघाभर घाणीत. स्वतः वर, पॅनलच्या मागे हात घालून. हाक मला ऐकू येत नाही, म्हणून आमची एक पद्धत होती. तो वायरीला हिसका द्यायचा. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ. असं आम्ही वायरीवरून बोलत राहिलो. शेवटी सापडलं. सगळ्या दिव्यांची परतीची वायर एकाच स्क्रूखाली आवळलेली, आणि खाऱ्या हवेनं आतलं तांबं हिरवं पडून त्याचा पार भुगा झालेला. परतीची वाट बंद, म्हणून करंट दुसऱ्याच्या दिव्यातून घुसायचा. त्यानं सडलेलं कापलं, कथील दिलेली नवी वायर टाकली, स्क्रू घासून वर ग्रीस फासलं. भोंगा दाबला, तर भोंग्याचाच दिवा लागला. मालकानं त्याच्या पाठीवर थाप मारली. मी तळातून वर येईपर्यंत थाप मारून झाली होती. पुढे मालकाला फॅशनचे पांढरे दिवे हवे झाले. ते बसवले, आणि जुने लाल दिवे बळीरामनं खिशात घातले. त्याला काही फेकवायचं नाही.

घरी पण तेच. हिरानं जिताडा मासा केला की त्याचं डोकं बळीरामच्या ताटात. 'बळीभावजींना आवडतं,' म्हणायची. मी एकदा विचारलं, मला नाही आवडत? तर म्हणाली, 'तुमी काय, पुढ्यात येईल ते खाता.' तो बोटं चाटत म्हणाला, 'काशा, जळतोस कशाला? शेपटी घे.' आणि ती हसली... माझ्या बोलण्यावर अशी कधी हसली नाही. मी लग्नात घोड्यावरून उतरताना पडलो होतो, तेव्हा हसली असेल तर असेल.

मग ती अंथरुणाला खिळली. आतल्या खोलीत ती, बाहेर खिडकीशी खुर्चीत मी. आत बसू दिलं तर ना! 'तोंड बघत बसू नका,' म्हणायची. पण तिनं हाक मारली तर मला कळायचं कसं? बळीराम न विचारता आला. तिच्या उशाला बटण, माझ्या खुर्चीसमोर भिंतीवर बोटीतला लाल दिवा, खाली रिक्षाची जुनी बॅटरी, म्हणजे लाइट गेली तरी चालेल. तिनं दाबून बघितलं, दिवा लागला, आणि नवीन पाटल्या घातल्यासारखी खूश झाली. नवरा मी. पण तिची हाक माझ्यापर्यंत येणार ती त्याच्या वायरीतून... बसलो त्या दिव्याकडे बघत. ती जाईपर्यंत दुसरीकडे बघितलं नाही.

परवा सुमनवहिनीनं बोलावलं. 'भावजी, घराला रंग काढायचाय. ह्यांच्या खाटेवरचा तो दिवा काढून द्या.' कुठला दिवा? गेलो. बघतो तर तोच. त्याच बोटीचा लाल दिवा, बळीरामच्या खाटेच्या वर. वायर त्याच्या खिडकीतून बाहेर, गल्लीवरून केबलवाल्याच्या वायरींत गुंडाळून थेट माझ्या घरात, हिराच्या बटणाला. मी इतके दिवस ती टीव्हीची समजत होतो. माझं डोकं सणकलं. 'माझ्या बायकोची हाक ह्याच्या खाटेवर कशाला?'

'वरडू नका, मी बहिरी नाय,' वहिनी म्हणाली. 'हिराताईनीच सांगितलेलं त्यांना. तुमचा डोळा लागला तर कोन येनार?'

हे तर जास्तच लागलं. म्हणजे तिचा भरोसा त्याच्यावर. विचारायला नको होतं, तरी विचारलं, 'कितीदा आला तो?'

'येतात कसले! दिवा लागला की हे चप्पल शोधायचे, तवर तुमी खुर्चीतनं उठलेले. एकदा पन जायला भेटला नाय त्यांना. चिडायचे. म्हनायचे, ह्या बहिऱ्याला झोप कशी ती नायच. आपल्याला एक चान्स देईल तर शपथ!'

म्हणजे तोही जळत होता... मेल्यानं सांगितलं नाही कधी. दोघं समोरासमोर बसून जळलो असतो.

दिवा काढायला खाटेवर चढलो, तर म्हटलं आधी वायर जाते कशी ते बघू. खाली बसलो, तो बसायचा तसाच, उशीला टेकून. तिथून माझी खिडकी दिसते. हिराची खोली नाही दिसत. तिचं बटण नाही, खाट नाही. दिसते फक्त माझी खुर्ची. ती आजारी होती तेवढे सगळे दिवस हा माणूस इथून तेवढंच बघत होता.

दिवा काढला नाही. वहिनीला म्हटलं, त्याच्या कडेकडेनं मारायला सांग रंग. 'आता कोन दाबनार हाय बटण?' ती म्हणाली. घरी आलो, खुर्चीत बसलो. सून म्हणते, बाबा, खिडकीत वारा लागतो, खुर्ची आत घ्या. नाही घेणार. समोरची खाट रिकामी आहे, ते मला काय माहीत नाही? पण तिथून बघितलं तर दिसलं पाहिजे... बहिरा जागा आहे.