निरीक्षण विहिरीला तोरण

"पाणीच भरून आणायचंय ना? मग त्याला एवढं शिकलेलं माणूस कशाला लागतं?"

आमचे चालक शिंदेकाका स्वारगेटच्या चौकात चहाच्या गाडीवाल्याला हे विचारत होते. मी जीपमध्ये मागे बसले होते, काच अर्धी खाली होती, आणि मी ऐकते आहे याची दोघांनाही फिकीर नव्हती.

"सरकारी काम असेल," चहावाला म्हणाला.

"सरकारी असतं तर या वेळेला घरी झोपलो असतो."

उत्तर देण्यासारखे माझ्याकडे बरेच होते. पण मला राग आला की वाक्ये आधी इंग्रजीत सुचतात. शाळेने लावलेली सवय. त्यांचे मराठी करेपर्यंत समोरच्याचा चहा संपलेला असतो. तसा तो संपला, काका येऊन बसले आणि आम्ही कात्रजच्या दिशेने निघालो.

पुण्याहून निघालेले लोक किल्ल्यांवर जातात, धरणांवर जातात आणि परत येऊन त्याबद्दल लिहितात. मी चालले होते तिथे सहलीला कोणी जात नाही. गावाचे नाव मी मुद्दामच देत नाही. कारखान्यांतून निघणारा रंगाचा गाळ, आम्लाचे अवशेष, खराब झालेली रसायने असा जो कचरा महापालिकेच्या डेपोवर टाकता येत नाही, तो तिथे एका प्रचंड खड्ड्यात पुरतात. खड्ड्याला जाड काळ्या प्लास्टिकचे अस्तर असते. ते कुठे फाटले तर वरून दिसत नाही. म्हणून खड्ड्याभोवती अरुंद बोअर घेतलेल्या असतात. त्यांना निरीक्षण विहिरी म्हणतात. त्यांचे पाणी कोणी पीत नाही. त्या फक्त सांगण्यासाठी असतात, काही झिरपले की नाही ते. कोथरूडच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी नुकतीच लागले होते आणि त्या विहिरींचे पाणी आणून तपासणे हे आमचे काम होते. माझ्या वर्गातल्या मुली तेव्हा एकामागून एक हिंजवडीला लागत होत्या. त्यांना न्यायला दारात वातानुकूलित गाडी यायची. मला न्यायला शिंदेकाका यायचे.

पुढच्या सीटवर माझे वरिष्ठ बर्वे सर होते. राहायला शनिवार पेठेत आणि बोलायलाही तिथलेच. बोगदा ओलांडल्यावर त्यांनी मिसळीसाठी गाडी थांबवली. ऊन चढले की नमुने लवकर बिघडतात, पेटीतला बर्फ वितळतो, हे मी त्यांना हळूच सुचवून पाहिले.

"विहीर कुठे पळून जात नाही," सर म्हणाले, आणि वाढप्याकडे वळले. "जरा रस्सा मिळेल का अजून?"

"मिळेल की," वाढपी म्हणाला. "नवीन मिसळ मागवा, तिच्याबरोबर येतो."

सरांनी नवीन मिसळ मागवली. मी बर्फाकडे बघत बसले.

महामार्ग सोडल्यावर रस्ता माळावर चढला. दगड, करवंदाच्या जाळ्या आणि मधेच चुन्याने रंगवलेले कोपऱ्याचे दगड: प्लॉट पाडले होते. 'शहरापासून हाकेच्या अंतरावर' अशी पाटी होती आणि आसपास हाक ऐकायला एक मेंढी होती. पुढे एका ओसाड टेकडीवर संगणक महाविद्यालयाची गुलाबी इमारत. त्यानंतर काहीच नाही. आणि मग अचानक रस्त्याच्या दोन्ही कडांना फक्कीच्या (चुन्याच्या पुडीच्या) सरळ, पांढऱ्याशुभ्र रेघा सुरू झाल्या.

"कोणी मंत्री येतायत का?" काकांनी विचारले.

"आपण येतोय," सर म्हणाले, आणि त्यांनी केसांवरून हात फिरवला.

फाटकाशी निळ्या पिंपांची रांग होती. पिंपांच्या सावलीत बायका बसल्या होत्या. काका पाहुण्यांच्या वहीत गाडीची नोंद करायला उतरले, सर त्यांच्या मागे गेले, आणि त्या बायकांतली एक उठून माझ्या खिडकीशी आली. नाव मंगल. मागच्या वस्तीवर राहणारी, चाळिशीची असावी.

"बाई, तुमीच का त्या पानी तपासनाऱ्या?"

मी मान हलवली.

"कालचा टँकर आलाच न्हाई. आज यील म्हंत्यात. सकाळपासून बसलोय."

"तुमच्याकडे विहीर नाही का?" मी विचारले.

"हाय की. कुंपनाच्या पल्याड, त्या जांभळीखाली. दोन वर्सं झाली, पिवळं पानी येतंय. म्हस तोंड लावंना तिला. म्हनून तर कंपनीनं टँकर लावून दिला." तिने खिडकीच्या काचेवर हात ठेवला. "पन औंदा सांगितलंय, रिपोट चांगला आला की टँकर बंद. मंजी तुमचं पानी चांगलं निघालं की आमचं बी चांगलं झालं, असं."

सर परत आले होते. त्यांनी ऐकले. "आमचं काम कुंपणाच्या आतलं असतं हो," ते तिला म्हणाले. "बाहेरच्या विहिरीसाठी अर्ज करावा लागतो."

कुंपण पाण्याला दिसत नाही, असे वाक्य मला सुचले. इंग्रजीत. गाडी आत गेली.

आत आमचा सत्कार झाला. मला वाटले होते कोणीतरी चाव्या देईल, आम्ही कामाला लागू. पण प्रकल्पाचे व्यवस्थापक गायकवाड हा अत्यंत हौशी गृहस्थ. त्यांनी सरांना शाल आणि नारळ दिला, मला नारळ आणि गुलाबाचे फूल. चहा झाला. मग पोहे झाले. मिसळीवर पोहे सरांनी नाकारले नाहीत.

"मॅडम पहिल्यांदाच आलात. आडनाव काय म्हणालात आपलं?"

मी पुन्हा पहिलेच नाव सांगितले.

"हो, ते झालं. मूळ गाव कुठलं?"

"नागपूरकडचं."

"अच्छा, अच्छा." ते समजायचे ते समजले, आणि सौजन्याने पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवली. हा प्रश्न मला पुण्यात इतक्यांदा विचारला गेला आहे की मी तो उन्हासारखा सोसते. स्वच्छतागृहाचे विचारले तेव्हा मात्र त्यांची पंचाईत झाली. बायकांसाठी ते बांधलेलेच नव्हते. "आतापर्यंत कधी प्रसंग आला नाही," ते म्हणाले, जणू प्रसंग मीच आणला होता.

शेवटी आम्ही खड्डा बघायला वर चढलो. मी घाण वासाची तयारी करून गेले होते. तसा काही वास नव्हता. जुन्या रंगाच्या दुकानात येतो तसा पुसट, गोडसर. खाली काळे प्लास्टिक उन्हात तळ्यासारखे चमकत होते. त्यावर एक बगळा येऊन बसला, फसला, उडून गेला. एका बाजूला पिंपे रचलेली, एका बाजूला गाळाचे राखी ढीग, आणि एक यंत्र त्यावर माती पसरत होते. उताराच्या टोकाला कुंपण. कुंपणापलीकडे एक जांभूळ, त्याखाली विहिरीचा कठडा. मधे उतारच उतार.

विहिरींपाशी जाताना फक्की आमच्या सोबत होतीच. पहिल्या निरीक्षण विहिरीशी मी थांबले. जमिनीतून हातभर वर आलेला लोखंडी पाइप हिरव्या ऑइलपेंटने रंगवला होता. त्याला झेंडूचे तोरण. समोर रांगोळी, तिच्यात 'सुस्वागतम्'. आम्ही त्या पाण्यात ज्यांचा अंश शोधतो, त्यांतली निम्मी रसायने ऑइलपेंटमध्ये असतात. मी वाकून पाहिले आणि माझ्या ओढणीला हिरवा पट्टा लागला. रंग ओला होता.

"सांभाळून मॅडम! आज सकाळीच दुसरा हात मारलाय," गायकवाड अभिमानाने म्हणाले.

झाकण उघडले. पोहण्याच्या तलावाचा वास आला. दोरीला बेलर (तळाला झडप असलेली लांब नळी) बांधून मी पहिले पाणी वर काढले. नितळ. त्यात क्षार किती आहेत हे दाखवणारे मीटर बुडवले. आकडा असा आला की आमच्या कोथरूडच्या नळाला शोभावा. खडकातून आलेले पाणी असे नसते.

"यात काही टाकलंय का?" मी विचारले. सकाळपासूनच्या माझ्या मोजक्या पूर्ण वाक्यांतले हे एक असावे.

"टाकलंय म्हणजे काय! मागच्या खेपेला सरच म्हणाले होते ना, सँपल फार गढूळ आहे म्हणून. मग या वेळी ठरवलं, तक्रारीला जागा ठेवायची नाही. परवा पंप लावून गाळ काढला. काल टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून विहिरी धुऊन घेतल्या, आणि खालच्या तिन्ही विहिरींत मिळून अख्खा टँकर ओतला. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, तसंच हे."

"कुठला टँकर?"

"वस्तीचाच. एक दिवस नाही गेला तर काय आभाळ कोसळत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. असती तर बरे झाले असते. लबाडीवर निदान चिडता येते. हा माणूस शाबासकीची वाट बघत होता.

मी सरांकडे पाहिले. "सर, हे पाणी विहिरीचं नाहीच. हे तपासून काय कळणार?"

"अगं, त्यांनी चांगल्या मनाने केलंय. तू नेहमीसारखं आधी उपसून टाक आणि मग भर."

"एवढ्या पाण्याला उपसून भागत नाही सर. ते आजूबाजूच्या भेगांमध्ये शिरलंय. आठवडाभर तरी विहीर तशीच ठेवायला हवी."

"आणि आठवड्यानं गाडी तू पाठवणार?"

मी उपसायला लागले. बेलर खाली, बेलर वर. मधे तो पाइपला अडकला आणि सोडवताना तोरण तुटून विहिरीत पडले. गायकवाडांना फार वाईट वाटले. दोरीने तळहात सोलला. पाणी मात्र शेवटपर्यंत तलावाच्या वासाचेच राहिले. बाकीच्या दोन विहिरींनाही तोरणे होती, आणि तोच वास. वरच्या अंगाची एकच विहीर जशीच्या तशी होती, कारण तिथवर जीप जात नाही. पण ती खड्ड्याच्या वर आहे. तिचे पाणी चांगलेच असते. सरांनी बाटल्या माझ्याकडे एकेक करून दिल्या आणि मी त्या भरल्या. हे लिहिताना मला आनंद होत नाही.

जेवायला श्रीखंड-पुरी होती आणि प्रत्येकापुढे सीलबंद पाण्याची बाटली. गायकवाड आग्रह करकरून वाढत होते. "या वेळी रिपोर्ट फर्स्ट क्लास येणार बघा," ते म्हणाले, आणि सरांनी तोंडात पुरी असल्यामुळे नुसती मान डोलावली.

निघताना पिंपे तशीच रांगेत होती. सावली सरकली होती, तशा बायकाही सरकल्या होत्या. फाटक उघडेपर्यंत मंगलबाई पुन्हा खिडकीशी आल्या.

"झालं का भरून?"

"झालं."

"बाई, मला एक सांगा. आता देवापुढं काय म्हनू? रिपोट चांगला यावा म्हनू का वाईट यावा?"

मागच्या बायका हसल्या. त्याही हसल्या, पण खिडकीवरचा हात काढला नाही. शिंदेकाकांनी गियर टाकला. गाडी फक्कीच्या रेघांमधून बाहेर पडली.

उतरताना सर झोपले. काकांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. "हातावर हळद लावा घरी गेल्यावर," ते म्हणाले. बोगद्याच्या अलीकडे उजव्या हाताला नव्या सोसायट्या दिसू लागल्या, प्रत्येकीच्या गच्चीवर काळ्या टाक्या. आमच्या घरात पाण्याच्या गोष्टी लहानपणापासून सांगितल्या जातात: कुणाला कुठल्या तळ्यावर जाता येत नव्हते, मग काय काय झाले, आणि आता आपल्या घरात नळ आहे. त्या गोष्टींमध्ये पाणी नेहमी चांगले असते, फक्त ते देणारे वाईट असतात. गायकवाडांसारखा माणूस त्या गोष्टींत नाही. पाहुण्यांसाठी विहीर नटवणारा, पोहे पुढे करणारा, आणि त्यापायी वस्तीचे पाणी एक दिवस वळवून कायमचे तोडायची तयारी करून ठेवणारा, तेही न कळत. त्याच्यावर कसे चिडायचे, हे मला कोणी शिकवलेले नव्हते.

प्रवासातून परतले की घर नवे वाटते म्हणतात. मला कोथरूड नवे वाटले नाही. फक्त जास्त स्वच्छ वाटले, आणि ते का, हे पहिल्यांदा कळल्यासारखे झाले. रंग, बॅटऱ्या, गाड्यांचे सुटे भाग, सगळे इथे चकचकीत होऊन राहते. त्यांचा गाळ माळावर जातो, आणि तो तिथेच थांबला आहे अशी चिठ्ठी दर ऋतूला आमच्याकडून येते. ती चिठ्ठी आली की सगळ्यांना बरे वाटते.

प्रयोगशाळेच्या खिडकीत नमुने उतरवून घेणाऱ्या सुलभाताई पर्स खांद्याला लावून घरी निघायच्या बेतात होत्या. मी पेटी टेबलावर ठेवली. सर माझ्या मागेच उभे होते, काखेत शाल.

"उशीर केलात बाई," सुलभाताईंनी पर्स खाली ठेवली आणि पेनाचे टोपण काढले. "हं, लवकर सांगा. निरीक्षण विहिरी ना? खालच्या तीन, वरची एक?"

"हो, नेहमीचंच," सर म्हणाले. "लिहून टाका."

सुलभाताईंनी पेन टेकवले. या खेपेला वाक्य मराठीतच आले, आणि माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच मोठ्याने.

"वरचं एक विहिरीचं आहे. खालची तीन टँकरच्या पाण्याची आहेत, तसंच लिहा. त्या विहिरींचं पाणी अजून आणायचंय."