काढून ठेवलेला प्लग

आधीच सांगते, मी भुताखेतांवाली बाई नाही. आमच्या गावाकडे दर दुसऱ्या झाडावर कोणीतरी बसलेलं असतं. सुट्टीत चुलत भावंडं ते किस्से रंगवून सांगायची, तेव्हा मी शेंगा खात ऐकायचे आणि निवांत झोपून जायचे. इथले तुमचे अनुभवही मी करमणूक म्हणूनच वाचत आले. आता स्वतःच लिहायला बसलेय, तर माझं मलाच हसू येतंय... पण कुठेतरी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही. शिवाय यात भीतीपेक्षा माझा वाईटपणाच जास्त आहे, तेव्हा शिव्या घालायच्या असतील तर मला घाला.

आमचं घर भांडुप पश्चिमेला, चार मजली बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर. वन बीएचके, आणि मागची गॅलरी बंद करून केलेली एक छोटी खोली. त्या खोलीत माझ्या सासूबाई. घरात आम्ही तिघंच — मी, नवरा संदेश आणि आई. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. संदेशचं ऑफिस मालाडला, तो घरी यायचा आठला. मी मुलुंडला एका दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला, सकाळची पाळी. तोवर खालच्या मजल्यावरच्या मावशी आईंजवळ थांबायच्या. अडीचला मी घरी आले की पुढचं सगळं माझं. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई अंथरुणातच होत्या. पाय जमिनीला टेकत नव्हता, तेव्हा ते सगळं म्हणजे काय ते समजून घ्या.

माझा धाकटा दीर नितीन आणि जाऊ मानसी बोरिवलीला राहतात. नकाशावर भांडुप आणि बोरिवली शेजारी-शेजारी, मध्ये फक्त जंगल. पण आरेतून जा नाहीतर घोडबंदरवरून, दोन तास मोडतातच. त्यामुळे ती दोघं यायची रविवारी. यायची, हसायची, फोटो काढायची आणि जायची. सोमवारपासून मी.

आता मूळ दुखणं सांगते. एकवीस वर्षांत आईंनी मला कधी चांगलं म्हटलं नाही. नावानेही हाक नाही, 'मोठी' म्हणायच्या. मानसी मात्र मानसी. मानसी कशी हसतमुख, मानसीच्या हाताला कशी चव, मानसी घर कसं आरशासारखं ठेवते... हे सगळं मी त्यांची पाठ पुसत असताना ऐकायचं. त्यांची एक जुनी समजूत होती, की घरच्या माणसाचं तोंडावर कौतुक करू नये, दृष्ट लागते. माझा मुलगा दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाला तेव्हा त्याला म्हणाल्या, 'केवढो काळो पडलास रे' आणि मग खालच्या मावशींना बोलावून अर्धा तास त्याचंच गुणगान. हे मला माहीत होतं. पण ते मुलांसाठी असतं, सुनांचा त्यात हिशोब असतो हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर आईंना मानसीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायचं होतं. घरात एक जुना टॅब होता, सिम कार्ड नसलेला, फक्त वाय-फायवर चालणारा. पण राउटर हॉलमध्ये आणि त्यांची खोली पार मागे. मध्ये किचन, बाथरूमची भिंत आणि एक जाडजूड कॉलम. तिथे नेटचा एक दांडाही यायचा नाही. पलंग हलवायला जागा नाही, त्यांना उचलून रोज हॉलमध्ये आणणं अशक्य.

उपाय कोणी काढला? मानसीनेच. तिने दोन प्लगची एक जोडी पाठवून दिली. एक प्लग राउटरशेजारी लावून त्याला वायरने जोडायचा, दुसरा आतल्या खोलीत. घरातल्या लाइटच्या वायरीतूनच इंटरनेट आत जातं आणि आतला प्लग त्या खोलीपुरतं वाय-फाय देतो. संदेशने आधी तो एक्स्टेन्शन बोर्डला लावला, चालेना. मानसीने फोनवरून सांगितलं, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा. म्हणून आईंचं डासांचं मशीन काढून तिथे प्लग लावला आणि लागला की तो. मग काय विचारता! येणाऱ्या-जाणाऱ्याला आई सांगायच्या, 'आमच्या मानसीन भिंतीतसून नेट धाडल्यान.' भिंतीतली वायर माझ्या घरातली, लाइट माझ्या घरातला, आणि नेट मानसीचं.

रोज दुपारी चारला कॉल. तोपर्यंत मी त्यांचे कपडे बदलून, केस विंचरून, उशा लावून द्यायचे आणि त्या म्हणायच्या, 'दार लाव गो.' बाहेर मी भाजी निवडत बसायचे. आतून हसणं ऐकू यायचं. मी चहा घेऊन गेले की दोघी गप्प. माझ्यासमोर त्या बाई महिन्यातून एकदा हसल्या तर नशीब, आणि तिथे रोज अर्धा तास. जळायचे मी. अक्षरशः पोटात आग पडायची.

एक दिवस त्यांना सोलकढी हवी झाली. मी क्लिनिकमधून येताना नारळ घेऊन आले, खवला, वाटला, करून दिली. दोन घोट घेतले आणि म्हणाल्या, 'मानसीची कढी जरा दाट असता.'

मी वाटी उचलली, धुतली आणि पुसून जागेवर ठेवली. साडेतीन वाजले होते. त्यांचा डोळा लागला होता. मी आत गेले, सॉकेटमधून प्लग काढला, डासांचं मशीन परत लावलं. प्लग एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर दोन गाठी मारल्या आणि पिशवी कुळथाच्या डब्यात खाली दडपली. चारला त्यांना सांगितलं, नेट बिघडलंय, माणूस येईल तेव्हा येईल.

'बरां,' म्हणाल्या. बस्स, एवढंच. टॅब मात्र मागून घेतला आणि दार लावायला सांगितलं.

संदेशला मी प्लग जळला म्हणून सांगितलं. त्याचा मोबाइल हॉलमध्ये चालत होता, तेव्हा त्यानेही फार मनावर घेतलं नाही. नितीन-मानसीला त्याने मुद्दाम काही कळवलं नाही. मधल्या दोन रविवारी त्यांच्याकडे काही ना काही निघालं, त्यामुळे ती दोघं आली नाहीत.

मनातल्या मनात मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? आज लावू, उद्या लावू करत मी एकोणीस दिवस प्लग लावला नाही. आईंनी एकदाही विचारलं नाही. रोज चारला टॅब मागायच्या आणि दार लावून घ्यायच्या. आत पुटपुटणं चालायचं. मला वाटायचं जप करत असतील, नाहीतर जुने फोटो बघत असतील.

बारावा-तेरावा दिवस असेल. आतून चक्क हसू आलं. मी ताडकन उठून दार उघडलं. आईंच्या पोटावर टॅब उभा, चेहरा असा फुललेला, की मी त्यांना तसं कधी बघितलंच नव्हतं. मला बघताच त्यांनी टॅब पालथा घातला. कोणाशी बोलताय विचारलं, तर म्हणाल्या, 'कोणाशी नाय गो.' मी सॉकेटकडे बघितलं. डासांच्या मशीनचा लाल दिवा लागलेला होता. म्हटलं, वय झालंय, भास होत असतील. कोणालाही दया आली असती. मला काय वाटलं माहितीये? भासातसुद्धा ही बाई मानसीशीच बोलते.

विसाव्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, तर त्या गेलेल्या होत्या. झोपेतच. टॅब उशाशी होता.

पुढचे तेरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. लोक म्हणत होते, मोठ्या सुनेने केलं हो सगळं... आणि मला कुळथाचा डबा दिसत होता. मरायला टेकलेल्या बाईचं एकुलतं एक सुख मी दोन गाठी मारून डब्यात घातलं होतं. मानसी सगळ्यांच्यात मिसळून कामं करत होती आणि मी तिच्याशी नजर मिळवत नव्हते. वाटायचं, आता विचारेल, शेवटी शेवटी कॉल का बंद केलेत म्हणून.

तेरावं उरकलं. दुपारी पाहुणे गेले आणि आम्ही दोघीच किचनमध्ये भांडी पुसत होतो. मला राहवेना. मीच म्हटलं, "मानसी, शेवटचे वीसेक दिवस तुमचं बोलणं झालं नाही. नेट बंद होतं. मला लवकर बघायला पाहिजे होतं गं."

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. "कधी बंद होतं? आम्ही रोज बोललो की. जायच्या आदल्या दिवशीपण."

मी म्हटलं, शक्यच नाही. तिने पदराला हात पुसले आणि मोबाइल काढून दाखवला. रोजचा कॉल. त्या टॅबवरून आलेला, चारला सुरू, वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. मी बोट ठेवून एकेक मोजला. एकोणीसच्या एकोणीस होते.

मी खाली बसले. मानसीला वाटलं, मला रडू येतंय. ती शेजारी येऊन बसली आणि जरा कडूच आवाजात म्हणाली, "ताई, तुम्हाला काय वाटतं, आई माझ्याशी माझं बोलायच्या? रोज तुमचंच पुराण. मोठी असं करते, मोठीचा हात किती हलका, मोठी नोकरी करून आल्यावर बसत पण नाही. मी ऐकून ऐकून वैतागायचे. मला तर वाटायचं, त्यांना सून म्हणजे एकटी तुम्हीच. मी आपली हसून दाखवायला."

इतकी वर्षं मी तिच्यावर जळत होते आणि ती बोरिवलीला बसून माझ्यावर. दृष्ट लागू नये म्हणून त्या बाईने एकीचं कौतुक दुसरीच्या ओंजळीत टाकलं, आणि आम्ही दोघी उपाशी राहिलो.

मग मी तिला सगळं सांगितलं. डबा उघडला. पिशवी होती तिथेच होती, कुळीथ तसेच वर, गाठी दोन, मी मारलेल्याच. मानसीने त्या गाठी चाचपून बघितल्या. चिडेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली, "आईंना माहीत होतं."

दुसऱ्याच दिवशी आईंनी तिला सांगितलं होतं. मानसीने त्यांच्याच सुरात ते मला ऐकवलं: "मोठीन प्लग काढून ठेवल्यान हा. माका म्हायत आसा. तू तिका काय इचारू नको. दिवसभर माझा गू-मूत काढता ती... तिका एवढो तरी राग येवक होयो."

मानसीने विचारलं होतं, मग तुम्ही बोलताय कशा? त्यावर हसून म्हणाल्या, "बोलतंय मां? मग झालां." मानसीला वाटलं, राग ओसरल्यावर माझ्याच मोबाइलचं हॉटस्पॉट लावून दिलं असेल मी. मी तर त्या वेळी भाजी निवडत, माझा मोबाइल मांडीवर घेऊन बसलेली असायचे, आणि हॉटस्पॉट कसं लावतात ते मला आजही येत नाही.

संदेशने ऐकलं आणि आधी हसला. शेजाऱ्यांचं वाय-फाय लागलं असेल म्हणाला. टॅब तपासला, तर त्यात एकच नाव सेव्ह होतं, त्या काढलेल्या प्लगचं. मग म्हणाला, हॉलचंच नेट पोहोचलं असेल. प्लग न लावता टॅब आईंच्या उशीवर ठेवून बघितला, चार दिवस, वेगवेगळ्या वेळी. नुसतं गोल-गोल फिरतं. त्याच्या ऑफिसात नेटवर्कचं काम बघणारा एक जण आहे, त्याला स्पीकरवर फोन लावला. त्याने सगळं नीट ऐकलं आणि म्हणाला, वहिनी, तुमचा दिवस मोजण्यात घोटाळा झाला असेल. संदेशने तो विषय परत काढला नाही.

माझा घोटाळा झालेला नाही. ज्या दिवशी माणूस वाईट वागतो, तो दिवस त्याच्या लक्षात राहतो.

स्पष्टीकरण आहे का? नाही. तुमच्यापैकी कोणाला वायरिंगमधलं, नेटमधलं कळत असेल तर जरूर सांगा, मी ऐकीन. प्लग आता परत भिंतीत लावलाय. मानसी आणि मी कधीकधी चारला बोलतो, बरं चाललंय आमचं. मला वाटलं होतं, आता तरी माझ्या पोटातली आग विझेल. पण नाही विझली. त्या मला ओळखून होत्या, माझ्याविषयी इतकं बोलत होत्या, आणि ते एकोणीस दिवस मिळाले मानसीला.

मागच्या आठवड्यात संदेश घरी नव्हता. साडेतीनला मी प्लग काढला, पिशवीत घालून दोन गाठी मारल्या, कुळथाच्या डब्यात ठेवला. आईंच्या पलंगावर टॅब मांडीवर घेऊन चारपासून पाचपर्यंत बसले.

वाजला नाही.