पुतळ्याचा खिसा

बीरगांवच्या वस्ती समितीच्या सेक्रेटरीचा फोन आला की मला तो उचलावासा वाटत नाही. त्या दिवशीही आला. तात्यापाऱ्यातल्या घरी सकाळचा चहा घेत होतो, मोबाइलवर त्याचं नाव दिसलं आणि मी कप खाली ठेवला.

"भैया, वो जेब फिर चमकून राहिली," तो म्हणाला. "पूरा पुतळा काळा आन खिसाच तेवढा पिवळा दिसते. बरसीले पाहुणे येऊन राहिले. काळा करून द्या ना येऊन."

पुण्यतिथीच्या आधी येतो म्हणालो. खिसा कुणाच्या हातानं चमकतो हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं. त्यामागे माझं खोटं आहे, हे फक्त माझी बायको आणि भट्टीवरचा मिस्त्री या दोघांना.

पुतळे करणं हा माझा धंदा. घोड्यावरचे राजे केले, हात वर करून उभे असलेले पुढारी केले, ढाल-तलवारी तर किती केल्या ते आठवत नाही. त्यांच्यामुळे माझी झोप कधी उडाली नाही. राजाचे आईबाप चौकशीला येत नाहीत. समिती येते, मिशी जरा जाड करा म्हणते, मी करून देतो. पण बीरगांवचं काम तसं नव्हतं. तिथला पुतळा एका पोराचा होता, उरल्याच्या एका कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनचा. गॅस गळला तेव्हा तो दोनदा आत जाऊन दोन माणसं बाहेर घेऊन आला. तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. वस्तीनं ठरवलं, चौकात त्याचा छातीपर्यंतचा पुतळा बसवायचा, आणि तोही काशाचा, सिमेंटचा नाही.

मातीचं काम चालू असताना त्याचे आईवडील बघायला आले. आईनं कान दुरुस्त करून घेतला. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, रुळांवर काम केलेला गँगमन, अंगानं आडवा आणि बोलायला महाकंजूष. तासभर नुसते उभे राहिले. निघताना म्हणाले, "खिशात टेस्टर राहे त्याच्या." मी शर्टाच्या डाव्या खिशात टेस्टर दाखवला. त्यांनी मान हलवली आणि चप्पल घालून बाहेर गेले.

मग समितीच्या डोक्यात आलं की प्रत्येक घरातून एक भांडं घ्यायचं आणि त्याच धातूत पुतळा ओतायचा. असल्या गोष्टींचा मला राग येतो. लोकांना भावना असतात आणि मला भोकं पडलेला पुतळा मिळतो. पण नाही म्हणवेना. ओतायच्या दिवशी ऑटो भरभरून बायका भट्टीवर आल्या. कुणी लोटा आणलेला, कुणी सासूच्या लग्नातली काशाची थाळी, कुणी तळ गेलेली घागर. मिस्त्री प्रत्येक भांड्यावर टिचकी मारून आवाजावरून पितळ कोणतं, कासं कोणतं ते वेगळं करत होता. थोडं थोडं चालतं. सांभाळून घेता येतं.

शेवटी त्या पोराची आई आली. तिनं पदराखालून डबा काढला. दोन खणांचा, कडीचा, राखेनं घासून लख्ख केलेला. जर्मनचा. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मनच म्हणतात.

"यायचा डबा हाय," ती नवऱ्याविषयी म्हणाली. "तीस वर्सं रेल्वेत नेला यायनं. मंग पोट्ट्यानं नेला. त्या दिवशी बी नेला होता. जेवला होता तो, भाऊ. डबा धुऊन ठेवला होता त्यानं, मंग गेला."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघून नाही अशी मान हलवली. नंतर बाजूला घेऊन म्हणाला, "साहब, ये जर्मन ला डारबे त सब माल बिगड़ जाही." डबा टाकला तर सगळा माल बिघडणार, हे मला सांगायची गरज नव्हती. काशात जर्मन मिसळलं की धातू फेसाळतो, नीट वाहत नाही, पुतळ्याच्या अंगावर साय धरते आणि आत भोकं पडतात. त्या पोराच्या तोंडावर भोकं पडली असती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि माझ्या तोंडातून निघालं, "द्या. छातीत टाकतो, खिशाजवळ."

मूस लाल झाली होती. बायका लांब उभ्या. मी डबा घेऊन भट्टीकडे गेलो आणि धुराच्या आडून तो वाळूच्या ढिगामागे ठेवला. मिस्त्रीनं पाहिलं आणि नजर फिरवली. धातू साच्यात गेला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. आई टाळ्या न वाजवता जवळ आली.

"गेला का?" तिनं विचारलं.

"गेला," मी म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं तेव्हा तिनं आधी गॅस बंद केला. मग म्हणाली, "पुतळा आतून पोकळ असतो ना? मग डबा आत बसवून टाका. म्हणजे खोटं राहणार नाही." एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी आनंदानं जेवलो. चौथऱ्यावर पुतळा बसवायच्या दिवशी खालच्या बाजूनं डबा आत घालायचा, तारेनं बांधायचा, की झालं.

पण अनावरणाच्या पाहुण्यांची तारीख बदलली आणि समितीनं क्रेन एक दिवस आधी बोलावली. मला कळलं तेव्हा मी सदर बाजारात पुतळा झाकायला मखमल घेत होतो. वाळूमागून उचलून आणलेला डबा स्कूटरच्या डिकीत होताच, आठवडाभर मी तो तिथून काढला नव्हता. फोनवर ओरडलो, थांबा, माझ्याशिवाय बसवू नका. सेक्रेटरी म्हणाला, "हव भैया, आप आओ आरामसे." तो हो म्हणाला तरी मला भरवसा नव्हता, आणि सदर बाजारातून निघायला मला किती वेळ लागला ते विचारू नका. पुढे बाइक, मागे बाइक, मध्ये एक गाय आणि सोनाराच्या दुकानासमोर आडवी लावलेली मोटार. मी हॉर्न वाजवत होतो, शिव्या देत होतो आणि डिकीत डबा खडखडत होता. बीरगांवला पोचलो तर पुतळा बसला होता. बोल्ट कसलेले, भोवती सिमेंट भरून वर गिलावा झालेला. गवंडी हात धूत होता. सेक्रेटरी हसत म्हणाला, "देखा, टेंशन खतम!"

उघडायला सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. मी चौथऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, मखमल त्याच्या हातात दिली आणि डबा घेऊन परत आलो.

अनावरणाच्या दिवशी भाषणं झाल्यावर आईनं मला बोलावलं. वडील शेजारी उभे होते. "कुठं हाय तो? यायले दाखवा," ती म्हणाली. मी खिशावर बोट ठेवलं. वडिलांनी आपला पंजा तिथं ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवसापासून ते रोज सकाळी फिरायला निघाले की खिशाला हात लावून पुढे जातात. हाताच्या घामानं आणि घासण्यानं काळा थर जातो, खालचा धातू उघडा पडतो. दर वर्षी बरसीआधी मी जाऊन तो काळा करतो. दर वर्षी महिन्याभरात तो पुन्हा पिवळा होतो.

डबा माझ्या घरी कपाटावर होता. पाहुणा आला आणि वर बघायला लागला की मी त्याला दुसऱ्या खोलीत नेई. बायको म्हणायची, सांगून टाका. मी म्हणायचो, सांगतो. या वेळी मी खरंच ठरवलं. ब्रश, गंधकाचं पाणी, गॅसची बत्ती आणि मेण ज्या पिशवीत घेतलं, त्याच पिशवीत तो डबाही घातला. काम झालं की त्यांच्या घरी जायचं, समोर ठेवायचा आणि काय होईल ते होऊ द्यायचं. बीरगांवपर्यंत मी वाक्यं पाठ करत होतो. प्रत्येक वाक्य "काय आहे ना" नं सुरू होत होतं.

चौकात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. बत्ती पेटवून खिसा तापवला, गंधकाचं पाणी लावलं. पिवळा आधी तांबूस झाला, मग काळा. मेण लावायला फडकं हवं होतं म्हणून पिशवी उपडी केली, आणि नेमकी तेव्हाच आई माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

डबा चौथऱ्याच्या पायरीवर पडला होता. तिनं तांब्या खाली ठेवला. डबा उचलला, कडी काढली, आत बघितलं, पुन्हा लावली. माझी सगळी पाठ केलेली वाक्यं गेली. मी म्हणालो, "वहिनी, जर्मन काशात चालत नाही. मी तेव्हा सांगायला हवं होतं."

"मंग काहून नाही सांगतलं?"

"तुमच्याकडे बघून धीर झाला नाही."

ती पायरीवर बसली. रडेल, ओरडेल, वस्ती गोळा करेल, असं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. तिनं डबा मांडीवर घेतला आणि त्याच्या झाकणावरून हात फिरवत राहिली. मला वाटलं, आता ती मला नेऊन नवऱ्यासमोर उभं करणार.

"यायले सांगू नका," ती म्हणाली. "पोट्टा गेला तवापासून घराबाहेर पडत नव्हते हे. आता रोज जाते हे. त्या डब्यासाठीच जाते. मले म्हनते, पोट्ट्याले भेटून येतो."

"पण खोटं आहे ते."

"तुमचं खोटं होतं आतापर्यंत. आता माहं हाय." तिनं डबा पदराखाली घेतला. "मी ठेवतो कुठं तरी. कोनाले दिसनार नाही."

मला काय वाटलं ते सांगतो. आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग त्या सुटण्याची लाज वाटली. माझं ओझं मी एका म्हाताऱ्या बाईच्या पदराखाली दिलं होतं.

तेवढ्यात वडील आले. त्या वेळी ते कधी येत नाहीत, पण खिसा काळा करायला माणूस आलाय असं कुणीतरी सांगितलं असणार. त्यांनी मला नमस्कारही केला नाही. काळ्या खिशाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. दर वर्षी पडत असणार, मी कधी थांबून बघितलं नव्हतं. मी म्हणायला गेलो, हात लावू नका, बत्ती आत्ताच विझवली आहे. पण त्यांचा पंजा खिशावर गेला होता.

त्यांनी हात काढला नाही. हळूच मागे वळून बायकोकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघत होतो.

"अवं," ते म्हणाले, "डबा गरम हाय."

तिनं पदर घट्ट धरला. "हव," ती म्हणाली, "आताच भरला."